ऐल्साच्या जागी

१

ऐल्साचा रेनकोट पिवळा होता की नारिंगी, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. कधी वाटतं पिवळा होता. मग वाटतं, पिवळा ग्रेगरचा, तिचा नारिंगी. मी आयुष्यभर विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवलं. साक्षीदाराला एक गोष्ट नीट आठवत नसेल तर त्याच्या बाकीच्या गोष्टींवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न मी कितीतरी वर्षं मुलांना परीक्षेत घालत आलो. आता तोच प्रश्न माझ्यासमोर आहे, आणि उत्तर तपासायला कोणी नाही.

तरी लिहितो. रंग सोडून बाकीचं मला आठवतं, असं मला वाटतं.

आमच्या चर्चच्या युवक मंडळाची सहल दरवर्षी सप्टेंबरात निघायची. तेव्हा चिलटं कमी झालेली असतात आणि बर्फ अजून लांब असतो. त्या वर्षी बेन ऑर्डागवर जायचं ठरलं. हा डोंगर अवघड नाही. दक्षिणेकडून मेंढ्यासुद्धा चढतात. पण माथा सपाट आणि लांबरुंद आहे, आणि उत्तरेकडून एक घळ त्या माथ्यात आतपर्यंत शिरलेली आहे, पावात सुरी घालावी तशी. स्वच्छ हवेत ती घळ लांबूनच दिसते.

मंडळाचा प्रमुख होता डूगल पेट्री. शाळेत व्यायाम शिकवायचा. मोठा आवाज, मोठे हात, आणि फुटबॉलचं वेड. त्याचा लाडका संघ दर शनिवारी हरायचा आणि दर शनिवारी डूगलला वाटायचं की आज जिंकणार. त्या दिवशीही शनिवार होता, म्हणून त्याने छातीच्या खिशात छोटा ट्रान्झिस्टर घेतला होता.

"वर काही ऐकू येणार नाही," मी म्हणालो.

"खाली आल्यावर येईल ना! तू नकाशा सांभाळ, किनिअर. काळजी करायचं खातं तुझ्याकडे."

मुलं हसली. माझी ख्याती तशीच होती. मिनिबसचं दार लागलं की मी ते पुन्हा ओढून बघायचो, आणि मग ग्रेगर नावाचा एक जाडगेला पोरगा गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "सर, चाकं चारही आहेत, मी पाहिली."

निघताना ऐल्साची आई, मिसेस गेडिस, बसपाशी आल्या. त्यांचा धाकटा, लॉर्न, बारा-तेरा वर्षांचा होता आणि त्याची छाती नाजूक होती. मागच्या हिवाळ्यात तो मरता मरता वाचला होता.

"मी पाठवणार नव्हते," त्या मला म्हणाल्या, "पण ऐल्सा म्हणते, मी बघते त्याच्याकडे. तिला सोळावं लागलंय, पण तीही पोरच आहे हो. तुम्ही असाल ना त्याच्याजवळ?"

"त्याला कोरडा आणि धडधाकट परत आणतो," मी म्हणालो.

म्हणालो आणि बसचं दार पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

२

चढण मजेत गेली. लॉर्नला मोठ्या मुलांत यायला मिळालं होतं, त्यामुळे त्याची बडबड थांबत नव्हती. ऐल्सा त्याच्या मागून चालत होती. ती उंच, लांब पायांची, आणि एका जागी स्थिर उभं राहणं तिला ठाऊकच नव्हतं. थांबली की या पायावरून त्या पायावर नाचायची, शीळ घालायची.

"ऐल्साताईला दावणीला बांधा कोणीतरी," ग्रेगर धापा टाकत म्हणाला. "तिच्याकडे बघूनच मला दम लागतो."

"तुला सँडविचकडे बघूनही दम लागतो," ऐल्सा म्हणाली.

दूरच्या दरीत हरणांचे नर हंबरत होते. सप्टेंबरात ते माजावर येतात. एरवी मला तो आवाज आवडतो. भसाडा आणि बिचारा वाटतो.

माथ्यावर दगडांची रास आहे. प्रत्येकाने खालून आणलेला एकेक दगड तिच्यावर ठेवला, वाऱ्याला पाठ करून सगळे बसले, डबे उघडले. अंडी, चीज घातलेला पाव, थर्मासमधला चहा. डूगलच्या बायकोने दूधसाखरेची वडी दिली होती, ती फिरली. लॉर्न माझ्या शेजारी बसला होता. "सर, तुम्ही लहानपणी पण असेच होता?" त्याने विचारलं.

"असाच म्हणजे?"

"म्हणजे... सारखं काहीतरी होईल असं वाटणारे."

"हो."

"आणि मग व्हायचं का?"

"बहुतेक नाही."

"मग बरं आहे," तो म्हणाला, आणि त्याने मला आपली अर्धी वडी दिली.

ती वडी खात असतानाच पलीकडची टेकडी दिसेनाशी झाली. मग अलीकडची. मग आमच्या पायाखालचा उतार.

३

धुकं आम्हा कोणालाच नवं नव्हतं. इथे वाढलेल्या माणसाला धुक्याची भीती वाटत नाही. कंटाळा येतो. डूगलने आणि मी नकाशावर दिशा काढली. घळ डावीकडे ठेवून, माथ्याच्या कडेने आग्नेयेकडे, मग उतार, मग मेंढपाळांचा गडगा, दगडांची रचलेली भिंत. गडगा लागला की रस्ता चुकणं शक्य नाही. आकडा आम्ही दोघांनी वेगवेगळा काढला. जुळला.

पण निघाल्यानंतर थोड्याच वेळात लॉर्नचा पाय शेवाळलेल्या खड्ड्यात गेला आणि तो कंबरेपर्यंत गार पाण्यात बुडाला. आम्ही त्याला ओढून काढलं, माझा कोरडा स्वेटर घातला, माझी टोपी घातली. तो हसत होता, पण त्याचे दात वाजत होते. वारा वाढला होता. डूगलने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. असा भिजलेला नाजूक मुलगा त्या वाऱ्यात फार वेळ काढू शकणार नव्हता. धुकं विरायची वाट बघत बसणं आता जमणार नव्हतं.

"ठेप्या-ठेप्याने जाऊ," डूगल म्हणाला.

ही आमच्याकडची जुनी रीत आहे. धुक्यात होकायंत्राची सुई बघत चालायला गेलं तर माणूस नकळत वळतो. म्हणून एकाला पुढे पाठवायचं. तो दिसेनासा होणार, एवढ्यात "थांब" म्हणून ओरडायचं. मागे होकायंत्र घेतलेला माणूस त्याला डावीकडे, उजवीकडे सरकवतो आणि बरोबर रेषेत आला की पुढच्याने एक हात वर करून उभं राहायचं. मग सगळ्यांनी त्याच्यापर्यंत जायचं. तो पुन्हा पुढे. असं करत करत उतरायचं. हळू, पण चूक होत नाही.

"मी जाते पुढे," ऐल्सा म्हणाली. मग लॉर्नकडे बघून घुटमळली.

"जा तू," मी म्हणालो. "मी धरलंय त्याला."

४

पुढे ऐल्सा, मग छातीशी होकायंत्र धरलेला डूगल, मग टोप्या डोळ्यांपर्यंत ओढलेली मुलं, आणि सर्वांत मागे लॉर्नच्या काखेत हात घालून मी.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं. डूगल ओरडायचा, "थांब! जरा उजवीकडे! बास!" आणि पुढे राखाडी पडद्यावर एक लांबट आकृती हात वर करायची. रंग दिसत नव्हता. पण ऐल्साच आहे हे कळत होतं, कारण ती आकृती या पायावरून त्या पायावर नाचत होती आणि तिची शीळ वाऱ्याबरोबर तुटक तुटक येत होती.

मग लॉर्न कापायचा थांबला. मला आधी बरं वाटलं. मग तो म्हणाला, "सर, आपण बसूया ना. इथे किती ऊब आहे." थंडी आत शिरली की माणूस असंच बोलतं.

"चल राजा," मी म्हणालो. "थोडंच राहिलंय." ते मला माहीत नव्हतं.

मी त्याच्याशी बोलत राहिलो, पाढे म्हणायला लावले. त्यामुळे शीळ कधी थांबली ते मला कळलं नाही. लक्षात आलं तेव्हा बराच वेळ ती ऐकू आलेली नव्हती. मी मान वर करून पाहिलं. पुढे आकृती उभी होती, हात वर होता, पाठ आमच्याकडे होती.

ती हलत नव्हती.

पोरगी दमली असेल, असं मी मनाशी म्हणालो. आणि तेवढ्यात कोणीतरी लॉर्नचा दुसरा हात धरला.

"कसा आहे हा, सर?" ऐल्सा म्हणाली.

५

मी काय केलं ते नीट सांगायला हवं, कारण यावर मी फार विचार केला आहे.

मी आधी ऐल्साकडे पाहिलं. ती होती. नाकाचा शेंडा लाल, भुवयांवर धुक्याचे थेंब. मग पुढे पाहिलं. आकृती होती. मला वाटलं, खांब असेल. पण त्या माथ्यावर खांब नाहीत. हरीण असेल. हरीण हात वर करत नाही. दुसरा कोणी गिर्यारोहक असेल. हे पटण्यासारखं होतं, आणि मी ते घट्ट धरून ठेवलं. मग प्रश्न उरला की तो हात वर करून का उभा आहे. त्याला मी उत्तर दिलं नाही.

पुढे डूगल ओरडत होता. त्याची नजर सुईवर होती. ऐल्सा धुक्यातून वळसा घालून मागे आली, हे त्याला कळलंच नव्हतं.

"डावीकडे, ऐल्सा! अजून डावीकडे!"

आकृती हलली नाही.

"अगं डावीकडे! घास कुठल्या हाताने खातेस?"

आकृती उजवीकडे सरकली. चालल्यासारखी नाही. ती आधी इथे होती, आता थोडी तिथे होती. हात तसाच वर.

"या पोरीला झालंय काय!"

"पेट्री सर," ग्रेगर दमलेल्या आवाजात म्हणाला, "तुमच्या संघालाही गोल कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही, तरी तुम्ही त्यांच्यावर प्रेम करताच ना?"

कोणीतरी हसलं. माझ्या शेजारी ऐल्साने पुढे पाहिलं. लॉर्नच्या पाठीमागून तिने माझं मनगट धरलं आणि दाबलं.

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "तिकडेच जाऊया."

"का?"

"मला नाही माहीत."

लॉर्नची मान माझ्या खांद्यावर पडली होती. मी ओरडलो, "डूगल! जिथे उभं आहे तिथेच जाऊ!"

"सुई तसं म्हणत नाही!"

"एकदा माझं ऐक."

डूगल वळला. त्याचा तो गोंधळलेला, भला चेहरा मला अजून दिसतो. "तू? तू मला होकायंत्र सोडायला सांगतोयस?"

"हो."

नंतर त्याने मला सांगितलं की, "तू आयुष्यात पहिल्यांदाच शंका न काढता बोललास, म्हणून ऐकलं."

आम्ही तिकडे गेलो. तिथे कोणीच नव्हतं. गवत होतं, ओलं आणि उभं, कोणी तुडवलेलं नव्हतं.

"ऐल्सा कुठे गेली?" डूगल म्हणाला.

"मी इथे आहे, पेट्री सर," ऐल्सा मागून म्हणाली.

ग्रेगर हसायला लागला आणि मधेच थांबला. वाऱ्याचा एक झोत आला आणि आमच्या डाव्या हाताचं धुकं फाटलं. तिथे जमीन नव्हती. काळा, पाझरणारा खडक सरळ खाली गेला होता. डूगल ज्या बाजूला बोलावत होता, ती हीच बाजू. कोणाच्या तरी बुटाने एक दगड सुटला, कडेवरून गेला, आणि तो पोचल्याचा आवाज इतक्या उशिरा आला की तोवर एका मुलीने माझा कोट धरला होता.

धुकं पुन्हा मिटलं. पुढे उतारावर एक आकृती उभी होती. पाठमोरी. हात वर.

डूगलने होकायंत्र खिशात टाकलं.

६

त्यानंतर आम्ही कसे उतरलो, हे मी कोणाला नीट सांगितलेलं नाही. डूगलने ओरडणं बंद केलं. आम्ही नुसते चालत होतो. एका आकृतीपर्यंत जायचो, तिथे गवत असायचं, आणि पुढे दुसरी असायची. मुलांनी विचारलं नाही. पुढच्या मुलीने चर्चमध्ये म्हणतो ते एक गाणं गुणगुणायला सुरुवात केली. बाकीच्यांनीही ते तसंच, तोंड न उघडता, उचललं. ऐल्सा लॉर्नच्या कानात बोलत होती. लहानपणी त्याने मांजराला चहा पाजला होता ती गोष्ट. "तू मांजराला सॉरी म्हणालास, आठवतं? म्हण ना, आठवतं म्हण." आणि तो खूप लांबून आल्यासारखा म्हणत होता, "आठवतं."

मी भ्यालो होतो का? भ्यालो होतो. पण खरं लिहायचं तर भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. लहानपणी तापात पडलं असताना पलीकडच्या खोलीत मोठी माणसं जागी आहेत हे कळतं, तेव्हा वाटतं तसं.

उतार संपत आला तेव्हा धुकं एकदाच वर उचललं गेलं. परकराचा घेर उचलावा तेवढंच, आणि एका श्वासापुरतं. खाली गडगा दिसला. आणि गडग्यापर्यंत ते सगळे दिसले.

एकापुढे एक, ओळीने उभे होते. प्रत्येकाची पाठ आमच्याकडे, प्रत्येकाचा एक हात वर. ओळ सरळ नव्हती. दोन ठिकाणी ती वळलेली होती, जिथे खाली दलदल होती तिथे. काही उंच होते. काही वाकलेले. लांबचे दोघं-तिघं इतके लहान होते की मला वाटलं ते अंतरामुळे असेल. मग त्यांच्याजवळचा मोठा माणूस मला दिसला आणि ते अंतरामुळे नव्हतं हे कळलं.

सर्वांत जवळचा वळायला लागला.

मी मान खाली घातली. लॉर्नच्या तोंडाकडे पाहत राहिलो. इतरांनी काय पाहिलं मला माहीत नाही. पुन्हा वर बघितलं तेव्हा सगळं पांढरं होतं आणि डूगल म्हणत होता, "गडगा! गडगा लागला रे!" आणि त्याचा आवाज रडल्यासारखा येत होता.

मिनिबसमध्ये आम्ही लॉर्नचे ओले कपडे उतरवले, त्याला घोंगड्यांत गुंडाळलं. एका बाजूला ग्रेगर बसला, "माझी चरबी शेवटी कामाला आली" म्हणत. दुसऱ्या बाजूला ऐल्सा. गरम गोड चहा चमच्याने पाजला. बऱ्याच वेळाने तो पुन्हा कापायला लागला आणि मग म्हणाला, "वडी उरली आहे का?" डूगलने सगळी पिशवीच त्याच्या मांडीवर उपडी केली.

मग सवयीने डूगलने ट्रान्झिस्टर काढला. होकायंत्र समोरच पडलं होतं. ट्रान्झिस्टर जवळ येताच सुई वळली. त्याने तो लांब नेला, सुई परत आली. जवळ आणला, वळली. ट्रान्झिस्टरच्या भोंग्यात लोहचुंबक असतो. दिवसभर तो त्याच्या छातीशी होता, आणि होकायंत्रही तिथेच धरलेलं. त्याने मला दाखवलं. मुलांना दाखवलं नाही. सामन्याचा निकाल ऐकायचं राहूनच गेलं.

गावात पोचलो तेव्हा मिसेस गेडिस वाट बघत उभ्या होत्या. "कोरडा नाही," मी म्हणालो.

"पण आणलात," त्या म्हणाल्या.

डूगल आणि मी त्या दिवसाबद्दल आयुष्यात एकदाच बोललो, एका लग्नात, बाकीचे नाचत असताना.

"वर दुसरं कोणीतरी फिरायला आलं असणार," तो म्हणाला.

"असणार."

"चांगली माणसं होती."

"हो," मी म्हणालो.

७

पुढे मी स्वच्छ हवेत तिथे गेलो. आमची वाट जेवढी आठवली तेवढी पायाखाली घातली. घळीचा काठ आणि दलदल यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे आणि ती दोनदा वळते. होकायंत्राची सुई बरोबर असती तरी सरळ रेषेत चालून आम्ही दलदलीत शिरलो असतो. हे मी तपासलं आहे. पण हे तपासायला सोपं होतं. दुसरी एक गोष्ट होती, ती विचारायला मी चाळीसहून अधिक वर्षं घेतली.

मागच्या वसंतात ऐल्सा भेटायला आली. ती आता निवृत्त डॉक्टर आहे. लॉर्नला नातू झाला हे सांगायला आली होती. चहा झाला. मी तिला काहीही न सांगता, उत्तर सुचेल असा एकही शब्द न वापरता विचारलं, "त्या दिवशी तू तुझी जागा सोडून मागे का आलीस?"

तिने कप बशीत ठेवला.

"तुम्हीच पाठवलंत, सर."

"मी?"

"तुम्ही धुक्यातून आलात. खालच्या बाजूने. मला वाटलं, वळसा घालून आलात. माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, 'जा, तुझ्या भावाला तू हवी आहेस. इथे मी उभा राहतो.' आणि हात वर केलात. मग मी मागे आले, तर तुम्ही लॉर्नला धरून चालत होतात."

घड्याळ चालू होतं. बाहेर कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आधीच किती काळजीत होतात!" ती म्हणाली आणि हसली, अगदी सोळा वर्षांची असताना हसायची तशी. "नंतर वाटलं, कशाला उगीच तुमच्या डोक्याला घोर."

"ऐल्सा, नीट आठव. तो मीच होतो?"

"चेहरा तुमचा होता, आवाज तुमचा होता."

आणखी एकच गोष्ट मला हवी होती. का ते सांगता येणार नाही, पण बाकी कशाहून ती मला जास्त हवी होती.

"तो घाबरलेला होता का?" मी विचारलं.

"नाही, सर," ऐल्सा म्हणाली. "मुळीच नाही. तेवढंच मला विचित्र वाटलं."